पिक्टो : प्रिंट काढणाऱ्या हातांची संस्था

२००४ साली पॅरिसच्या छायाचित्रकारांनी दोन महिन्यांत दोन माणसे गमावली. ३ ऑगस्टला आंरी कार्तिए-ब्रेसाँ गेले. विसाव्या शतकातल्या थोर छायाचित्रकारांची कोणतीही यादी त्यांच्या नावाशिवाय पुरी होत नाही. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्या निधनाची ठळक दखल घेतली. त्यानंतर काही आठवड्यांनी, सप्टेंबरमध्ये, वयाच्या ९१व्या वर्षी पिएर गासमान गेले. ही बातमी त्या मानाने लहान होती. गासमान यांनी स्वतः टिपलेले एखादे छायाचित्र सर्वसामान्य रसिकाला सांगता येणार नाही. पण कार्तिए-ब्रेसाँ यांच्या ज्या छायाचित्रांसमोर आपण प्रदर्शनात थबकतो, त्यांतली कितीतरी गासमान यांच्या प्रयोगशाळेत, त्यांच्या माणसांच्या हातून कागदावर उतरलेली आहेत.

दुसऱ्याचे चित्र नीट यावे म्हणून आयुष्यभर डार्करूममध्ये उभे राहिलेल्या कारागिरांना ही स्मरणिका वाहिलेली आहे. तीत पॅरिसमधल्या एका प्रयोगशाळेचा इतिहास देण्याचे कारण सरळ आहे. प्रिंट काढणे हे दुय्यम, हाताखालच्या माणसाचे काम समजण्याची रीत जगभर होती आणि आपल्याकडेही होती. गासमान यांनी त्याच कामाभोवती एक संस्था उभी केली, त्या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि ती संस्था त्यांच्या मागेही चालू राहिली. छायाचित्र हे दोघांचे काम असते, हे या संस्थेच्या इतिहासातून जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसेल.

निर्वासितांचे पॅरिस

गासमान यांचा जन्म १९१३ चा, ब्रेस्लाऊ शहरातला. हे शहर तेव्हा जर्मनीत होते. आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव व्रोत्सवाफ आहे. १९३३ मध्ये जर्मनीत नाझी सत्तेवर आले आणि विशीतल्या गासमान यांनी पॅरिस गाठले. त्या काळात पॅरिसमध्ये असे अनेक तरुण येऊन पडले होते. बुडापेस्टचा एन्द्रे फ्रीडमान बर्लिन सोडून त्याच वर्षी पॅरिसला पोहोचला. तोही १९१३ सालीच जन्मलेला. पुढे त्याने रॉबर्ट कापा हे नाव घेतले. वॉर्साचा डेव्हिड शिमिन, ज्याला सगळे ‘शिम’ म्हणत आणि जो पुढे डेव्हिड सेमूर या नावाने ओळखला गेला, त्याच वर्तुळातला. कार्तिए-ब्रेसाँ हे सुखवस्तू फ्रेंच घरातले, पण त्यांची ऊठबस याच मंडळींत होती. गासमान यांची या सगळ्यांशी मैत्री जमली ती याच काळात.

या तरुणांजवळ भांडवल नव्हते. कापाचा स्टुडिओ मोंपार्नासजवळच्या र्यू फ्रवादव्हो रस्त्यावर होता आणि तिथली डार्करूम चिकी वाइस हा त्याचा हंगेरियन मित्र सांभाळत असे. स्पेनच्या यादवी युद्धात कापा, शिम आणि गेर्डा टारो यांनी टिपलेल्या फिल्म या डार्करूममधून गेल्या. १९३९ मध्ये जर्मन सैन्य चालून येण्याच्या भीतीने वाइसने त्यांतल्या कितीतरी निगेटिव्ह वाचवण्याची खटपट केली. त्या पुढे मेक्सिकोत सापडल्या आणि २००७ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीत पोहोचल्या. सुमारे साडेचार हजार निगेटिव्ह! रणांगणावर कॅमेरा घेऊन धावणाऱ्यांच्या मागे डार्करूममध्ये कोणीतरी राखण करत बसलेला असतो, ही गोष्ट गासमान यांची पिढी अगदी आरंभापासून जाणत होती.

याच पिढीत आणखी एक कथा वर्षानुवर्षे सांगितली गेली. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर कापाने टिपलेल्या फिल्म ‘लाइफ’ नियतकालिकाच्या लंडन कचेरीतल्या डार्करूममध्ये वाळवताना उष्णतेने खराब झाल्या आणि मोजक्या फ्रेम उरल्या, अशी ती कथा. ती कितपत खरी आहे याबद्दल अलीकडच्या अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. पण इतक्या छायाचित्रकारांनी तिच्यावर सहज विश्वास ठेवला, यातूनच त्यांच्या मनातली धास्ती कळते. जीव धोक्यात घालून टिपलेले सारे काही शेवटी एका अंधाऱ्या खोलीतल्या माणसाच्या हाती असते.

१९५० : प्रयोगशाळेची स्थापना

१९४७ मध्ये कापा, कार्तिए-ब्रेसाँ, शिम आणि जॉर्ज रॉजर यांनी ‘मॅग्नम’ ही छायाचित्रकारांच्या मालकीची सहकारी संस्था स्थापन केली. तिचा गाभा एका तत्त्वात होता : छायाचित्राचे हक्क ते काढणाऱ्याकडे राहतील, मासिकाकडे जाणार नाहीत. या एका तत्त्वाने व्यवहाराची सारी घडी बदलली. पूर्वी फिल्म मासिकाच्या कचेरीत जाई, तिथेच ती धुतली जाई, तिथेच प्रिंट निघत आणि निगेटिव्हही तिथेच राहत. आता एकच चित्रकथा वेगवेगळ्या देशांतल्या मासिकांना विकायची होती. म्हणजे तिचे अनेक संच हवेत, सगळे सारख्या प्रतीचे हवेत आणि वेळेत हवेत. शिवाय छायाचित्रकार हजारो मैल दूर असताना त्याच्या निगेटिव्ह जिवापाड जपणारे विश्वासाचे ठिकाण हवे.

ही गरज गासमान यांनी ओळखली. १९५० मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये ‘पिक्टोरियल सर्व्हिस’ ही प्रयोगशाळा सुरू केली. पुढे तिचे ‘पिक्टो’ हे छोटे नाव रूढ झाले. मोंपार्नासमधल्या र्यू देलाँब्र या रस्त्यावरची तिची जागा कितीतरी वर्षे छायाचित्रकारांचा अड्डा होती. परदेश दौऱ्याहून आलेला माणूस घरी जाण्याआधी फिल्म पिक्टोत टाकी. कॉन्टॅक्ट शीट तयार झाल्या की भिंग घेऊन तिथेच बसे. मॅग्नमचे काम हा पिक्टोचा पहिल्यापासूनचा कणा होता. मॅन रे यांच्यासारखा, प्रकाशाशी अगदी वेगळ्या रीतीने खेळणारा कलावंतही गासमान यांच्यावर विसंबला.

गासमान यांना छायाचित्रकाराची नजर होती. त्यांनी स्वतः कॅमेरा चालवला होता. पण प्रयोगशाळा काढल्यावर त्यांनी आपली नजर इतरांच्या सेवेला लावली. हा निर्णय सोपा नसतो. ज्याला चित्र कळते त्याला ते आपल्या मनासारखे काढण्याचा मोह होतो. पिक्टोची सगळी शिस्त हा मोह आवरण्यावर उभी होती.

निगेटिव्हपासून प्रिंटपर्यंत

ही शिस्त समजायची तर प्रिंटरच्या टेबलाशी जायला हवे. निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये बसवली जाते. आधी कागदाच्या पट्टीवर कमीअधिक सेकंदांचा प्रकाश देऊन टेस्ट स्ट्रिप काढली जाते. तीवरून एक्स्पोजर ठरते, कागदाचा ग्रेड ठरतो. मग खरे काम सुरू होते. चेहरा काळा पडत असेल तर तारेला लावलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने किंवा नुसत्या बोटांच्या सावलीने त्या जागेचा प्रकाश काही क्षण अडवायचा, हे डॉजिंग. आकाश पांढरेफटक राहत असेल तर बाकी कागद झाकून तेवढ्या जागेला जादा प्रकाश द्यायचा, हे बर्निंग. हात सतत हलता ठेवावा लागतो, थांबला की कडेची रेघ उमटते. मग डेव्हलपर, स्टॉप बाथ, हायपो. एखादा कोपरा अजून उजळायला हवा असेल तर पोटॅशियम फेरिसायनाइडच्या सौम्य द्रावणात कापूस बुडवून तेवढीच जागा पुसायची. क्षणभर जास्त झाले तर प्रिंट फुकट. फायबर कागद वाहत्या पाण्यात बराच वेळ धुवायचा, वाळवायचा आणि धुळीने उमटलेले पांढरे ठिपके बारीक ब्रशने एकेक करून भरायचे, म्हणजे स्पॉटिंग. लाल दिव्याच्या उजेडात, रसायनांच्या वासात, दिवसभर उभ्याने.

कार्तिए-ब्रेसाँ यांच्या कामात अडचण आणखी होती. ते प्रकाश डोळ्यांनीच जोखत, आणि प्रसंग निसटू नये म्हणून उजेड असेल तसा स्वीकारत. त्यामुळे एका निगेटिव्हची घनता दुसरीसारखी नसे. त्यांचे नियमही कडक होते. फ्रेम पूर्ण छापायची, कातरायची नाही. हे सिद्ध करणारी निगेटिव्हच्या कडेची बारीक काळी रेघ प्रिंटवर यायला हवी. १९३२ चे गार साँ-लाझार स्टेशनामागचे, डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे प्रसिद्ध छायाचित्र या नियमाला अपवाद. कुंपणाच्या फटीतून घेतल्यामुळे ते कातरावे लागले होते. भडक काळे-पांढरे त्यांना नको असे. सावलीत तपशील दिसावा, पांढऱ्यात पोत राहावा आणि मधल्या करड्या छटा सगळ्या जिवंत असाव्यात, अशी त्यांची अपेक्षा. असा प्रिंट पाहताना प्रेक्षकाला प्रिंटरचे कसब जाणवत नाही. तो थेट त्या रस्त्यावर, त्या माणसांत जातो. त्या कसबाची परीक्षा इथेच होती.

आपल्याकडच्या रसिकाला हे समजावून सांगायला एकच उपमा पुरेल. ख्यालाच्या मैफिलीत संवादिनीची साथ करणारा गायकाच्या मागे क्षणभर अंतर ठेवून जातो, त्याची जागा भरतो, पण स्वतःची तान घेत नाही. त्याला सगळे येत असते म्हणूनच काय वाजवायचे नाही हे त्याला कळते. पिक्टोतल्या प्रिंटरांनी हे साथीचे शास्त्र अंधाऱ्या खोलीत पाळले.

छापणारे हात

कोणत्याही संस्थेचा मोठेपणा संस्थापकाच्या पश्चात कोण उभे राहते यावरून ठरतो, आणि गासमान यांनी तो प्रश्न आपल्या हयातीतच सोडवला होता. जॉर्ज फेव्र यांनी कार्तिए-ब्रेसाँ यांचे प्रिंट वर्षानुवर्षे काढले. त्यांच्यानंतरच्या पिढीत वोया मित्रोविच आले. युगोस्लाव्हियातून १९६० च्या दशकात पॅरिसला आलेला हा माणूस पुढे युरोपातल्या उत्तम प्रिंटरांपैकी एक ठरला. कार्तिए-ब्रेसाँ, योसेफ कौडेल्का, सेबास्तियाव सालगादो अशा परस्परांहून भिन्न नजरांच्या छायाचित्रकारांची निगेटिव्ह त्यांच्या हाताखालून गेली.

हा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. कौडेल्का यांच्या जिप्सींच्या चित्रांत काळा रंग खोल, खरखरीत, अंगावर येणारा. कार्तिए-ब्रेसाँ यांच्या चित्रांत तोच काळा मऊ, श्वास घेणारा. एकाच माणसाने सकाळी एकाचे आणि दुपारी दुसऱ्याचे काम करायचे आणि दोघांनाही ते आपले वाटावे, हे सोपे नाही. त्यासाठी दर वेळी आपली आवडनिवड दाराबाहेर ठेवावी लागते.

पिक्टोत शिकण्याची रीतही जुन्या कारखान्यातली होती. नवा मुलगा आधी ट्रे धुई, रसायने मिसळे, निरखी. पुढे नामवंत छायाचित्रकार झालेले अमेरिकन पीटर टर्नली तरुणपणी पिक्टोत प्रिंटरचे काम करत होते. मित्रोविच यांच्या हाताबद्दल त्यांनी नंतर फार आपुलकीने लिहिले. शिष्याने गुरूचे नाव जगापुढे आणले तेव्हा कुठे मित्रोविच यांची ओळख रसिकांना झाली, ही या व्यवसायाची रीत आहे आणि तिची खंतही.

मृत्यूनंतरची साथ

मॅग्नमच्या पहिल्या दशकात मृत्यू वारंवार आला. १६ मे १९५४ रोजी मॅग्नमचे छायाचित्रकार वेर्नर बिशॉफ पेरूतल्या अँडीज पर्वतात मोटार दरीत कोसळून गेले. अवघ्या नऊ दिवसांनी, २५ मे रोजी, व्हिएतनाममध्ये सुरुंगावर पाय पडून कापा गेला. १० नोव्हेंबर १९५६ रोजी सुएझजवळ गोळीबारात शिम गेला. पॅरिसमध्ये विशीत भेटलेल्या दोस्तांपैकी दोघे तीन वर्षांच्या आत संपले.

छायाचित्रकार गेल्यावर निगेटिव्ह राहते, पण ती कशी छापायची हे सांगणारा राहत नाही. त्याला किती काळे चालत असे, कोणत्या चेहऱ्यावर त्याला उजेड हवा असे, हे ज्याने त्याच्या शेजारी उभे राहून ऐकले आहे, तोच ते सांभाळू शकतो. मित्रांच्या आवडीनिवडी जवळून पाहिलेल्या गासमान यांच्या हाती अशी जिवंत स्मृती होती. दिवंगतांची ही साथ कुठल्याही प्रदर्शनाच्या पत्रिकेत छापली जात नाही.

३८५ छायाचित्रांचा संग्रह

पिक्टोच्या इतिहासातले एक मोठे एकसंध काम १९७० च्या दशकाच्या आरंभी झाले. कलासंग्राहक जाँ आणि दोमिनिक द मेनिल यांच्या विनंतीवरून कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपल्या चार दशकांच्या कामातून ३८५ छायाचित्रे निवडली. १९७३ मध्ये पॅरिसच्या या विश्वासाच्या प्रयोगशाळेत त्यांचे ३० बाय ४० सेंटीमीटरचे प्रिंट निघाले. असे सहा संच आहेत. त्यांतला एक ह्यूस्टनमध्ये मेनिल संग्रहात, एक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, एक पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, एक जपानमध्ये ओसाकाच्या कला विद्यापीठात आहे. २०२० मध्ये व्हेनिसच्या पालात्सो ग्रासीमध्ये याच संग्रहातून पाच निवडकांनी आपापली प्रदर्शने मांडली.

सहा संच म्हणजे दोन हजारांहून अधिक प्रिंट, आणि एका संचातला प्रिंट दुसऱ्या संचातल्या त्याच चित्राला जुळणारा. कार्तिए-ब्रेसाँ यांनी याच सुमारास छायाचित्रणातून लक्ष काढून चित्रकलेकडे वळवले. त्यामुळे हा संग्रह त्यांनी आपल्या कामाकडे मागे वळून टाकलेली नजर ठरला, आणि ती नजर कागदावर उमटवण्याचे काम पिक्टोच्या माणसांनी केले.

आपल्या मृत्यूनंतर आपल्या निगेटिव्हचे नवे प्रिंट काढू नयेत, अशी कार्तिए-ब्रेसाँ यांची इच्छा होती आणि त्यांच्या नावाची पॅरिसमधली संस्था ती पाळते. म्हणजे २००४ मध्ये छायाचित्रकार गेला तेव्हा त्याचे डार्करूममधले कामही कायमचे पुरे झाले. जे प्रिंट फेव्र, मित्रोविच आणि त्यांच्या सोबत्यांनी काढले, तेच आता त्या कामाचे अखेरचे रूप. त्याच वर्षी गासमान गेले, तेव्हा पिक्टोच्या डार्करूममधले एक युग दोन्ही बाजूंनी मिटले.

भारताशी धागा

या इतिहासाशी भारतीय वाचकाचा संबंध दूरचा नाही. कार्तिए-ब्रेसाँ १९४७ मध्ये भारतात आले. ३० जानेवारी १९४८ रोजी ते गांधीजींना भेटले आणि काही वेळाने गांधीजींची हत्या झाली. त्या संध्याकाळी बिर्ला हाउसच्या फाटकाशी उभे राहून नेहरू लोकांना ही बातमी सांगत आहेत, ते छायाचित्र अपुऱ्या उजेडात घेतलेले आहे. अशा निगेटिव्हमधून नेहरूंचा चेहरा आणि ती गर्दी वेगळी काढणे हे प्रिंटरच्या संयमाचे काम आहे. ही निगेटिव्ह पिक्टोच्या स्थापनेच्या आधीची, पण पुढे कार्तिए-ब्रेसाँ यांचे प्रिंट पॅरिसमध्ये निघू लागले तेव्हा आपल्या इतिहासातली ती रात्रही तिथल्या हातांत गेली. बिशॉफ यांनी १९५१ मध्ये बिहारच्या दुष्काळाची छायाचित्रे घेतली. ‘लाइफ’मधून ती जगाने पाहिली. १९७१ मध्ये पॅरिसमध्ये रघु राय यांचे प्रदर्शन पाहून कार्तिए-ब्रेसाँ प्रभावित झाले आणि १९७७ मध्ये त्यांनी राय यांचे नाव मॅग्नमसाठी सुचवले.

आपल्या मुंबईतही हे दोघांचे काम घडलेले आहे. होमाई व्यारावाला यांनी मुंबईत कॅमेरा हाती घेतला तेव्हा त्यांना हे तंत्र शिकवले ते पुढे त्यांचे पती झालेल्या माणेकशॉ व्यारावाला यांनी. होमाईंची आरंभीची छायाचित्रे माणेकशॉंच्या नावाने छापली गेली, आणि पुढे होमाई देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून नावारूपाला आल्या तेव्हा डार्करूमची मोठी बाजू माणेकशॉ सांभाळत होते. एकाचे नाव पुढे येते तेव्हा दुसऱ्याचे मागे राहते, हे त्यांच्या संसारातही दोन्ही बाजूंनी घडले.

रंग, संगणक आणि वारसा

काळ्या-पांढऱ्या प्रिंटपासून निघालेली पिक्टो रंगीत फिल्म, जाहिरात, फॅशन, भव्य आकाराची प्रदर्शने अशा सगळ्या वळणांवरून गेली. डिजिटल तंत्र आले तेव्हा जगातल्या असंख्य प्रयोगशाळांचे दिवे विझले. पिक्टोने स्कॅनर आणि शाईचे प्रिंटर स्वीकारले आणि दुसऱ्याच्या नजरेला प्रामाणिक राहण्याची रीत त्या यंत्रांपुढेही चालू ठेवली. आज संस्थेची धुरा गासमान यांचे नातू फिलिप यांच्याकडे आहे. १९९८ पासून तरुण फॅशन छायाचित्रकारांसाठी पिक्टोचे पारितोषिक दिले जाते आणि २०१६ मध्ये छायाचित्रणाला आधार देणारा पिक्टो निधीही स्थापन झाला. ज्याने दोस्तांची चित्रे छापण्यासाठी दार उघडले, त्याचे घर आज नव्या मुलांना उभे करते आहे.

ऋण

गासमान यांना श्रद्धांजली वाहताना त्यांच्या निष्ठेचे कौतुक करून थांबणे पुरेसे नाही. आपल्या गावोगावच्या स्टुडिओंत ब्रोमाइड कागदावर प्रिंट काढणारे, निगेटिव्हवर पेन्सिलीने टचिंग करणारे, लग्नाच्या हंगामात रात्र-रात्र ट्रे हलवणारे हात होते. हायपोने त्यांची बोटे रापली, पण त्यांची नावे कुठल्याही चौकटीखाली आली नाहीत. त्यांतले बरेचसे आज हयात नाहीत. जे आहेत, त्यांच्याकडून ते शास्त्र, ती प्रमाणे, त्या युक्त्या लिहून घेण्याचे काम लांबणीवर टाकता येणार नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने एक विनंती. यापुढे आपल्या प्रत्येक प्रदर्शनात छायाचित्राखाली दोन नावे असावीत : ते टिपणाऱ्याचे आणि त्याचा प्रिंट काढणाऱ्याचे. तो चांदीच्या कागदावरचा असो वा शाईचा, डार्करूममधला असो वा संगणकापुढे बसून छटा जुळवणाऱ्या तरुणाचा. छायाचित्रकाराने स्वतःच प्रिंट काढला असेल तर तसे लिहावे. जुन्या संग्रहातल्या ज्या प्रिंटरांची नावे आज कळू शकतात, ती शोधून नोंदवावीत. पिएर गासमान यांनी हे काम एका संस्थेच्या तोलाचे करून दाखवले. त्याची योग्य नोंद ठेवणे हे छायाचित्र काढणाऱ्या, जमवणाऱ्या आणि पाहणाऱ्या आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.